काढलेली गाठ जाते कुठे?

माझ्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या फऱ्याजवळ, एक गाठ होती. दुखत नव्हती, वाढतही फार हळू होती, त्यामुळे घरात कुणी तिचं फारसं मनावर घेतलं नाही. पुण्यात नोकरीला असताना एका उन्हाळ्यात ती लाल झाली, ठणकायला लागली, पाठ टेकून झोपता येईना. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला, आत पट्टी भरली, गोळ्या दिल्या. ठणका थांबला. ‘गाठ काढून टाकलीय’ असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. वर्षभरात त्याच जागी ती पुन्हा उभी राहिली.

त्यांनी पू काढला ते बरोबरच केलं. पू झालेला असताना अशी गाठ अख्खी सोडवून काढता येत नाही, कारण तिच्या पिशवीची भिंत सुजून आजूबाजूला चिकटलेली असते. पण पिशवी आतच आहे, सूज उतरल्यावर महिना-दीड महिन्याने ती काढावी लागेल, एवढं सांगायला हवं होतं. ते वाक्य बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याऐवजी मी समजत राहिले की गाठ गेली, आणि ती परत आल्यावर घाबरले की ही काहीतरी वाईट आहे.

पुढे आम्ही सासरी कराडला राहायला आलो. सासरच्या घरचे फॅमिली डॉक्टर एमबीबीएस आहेत. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी विभागात काढली आहेत, आणि तेव्हापासून लहानसहान कापाकापी ते स्वतःच्या दवाखान्यात करतात. चरबीच्या गाठी, कुरूप, चामखीळ, बोटात रुतलेलं नख, शेतात खुरप्याने झालेली जखम. मी त्यांच्याकडे गेले ती खरं तर चांगल्या सर्जनचं नाव विचारायला. मोठ्या हॉस्पिटलात झालं म्हणजे चांगलं झालं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

त्यांनी नाव देण्याआधी गाठ बघितली. नुसती नजर टाकून नाही, हाताने. दोन बोटांत धरून हलवली, कातडीला चिकटलेली आहे की खालच्या थराला ते पाहिलं. मग कातडी ताणून नवऱ्याच्या मोबाइलवर फोटो काढायला लावला आणि मला दाखवला. गाठीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका होता. ‘हे हिचं तोंड,’ ते म्हणाले. ‘चरबीच्या गाठीला हे नसतं. ती कातडीखाली बोटातून निसटते आणि वरची कातडी मोकळी राहते. ही कातडीचीच पिशवी आहे, आत वळलेली. भिंत पूर्ण निघाली तर परत येत नाही, तुकडा राहिला तर येते.’

नंतरचे प्रश्न मला अनपेक्षित होते. साखर कधी तपासली? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? दाताची भूल घेतली तेव्हा काही त्रास झाला होता का? वजन किती? आणि शेवटी, ‘ताई, दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवा. कानाच्या पाळ्याही.’

आपल्याकडे काही जणांचा व्रण बरा होताना थांबतच नाही. जखमेच्या हद्दीबाहेर वाढतो, जाड आणि गुलाबी होतो, खाजतो. त्याला केलॉइड म्हणतात. सावळ्या कातडीत तो जास्त दिसतो आणि छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. लहानपणी टोचलेल्या बीसीजीचा डाग सपाट आहे की उंचावलेला, कान टोचले तिथे गोळी झाली का, यावरून आधीच अंदाज येतो. माझे दोन्ही व्रण सपाट होते. तरीही त्यांनी स्वच्छ सांगितलं, ‘पाठीवर बारीक रेघ राहील असं वचन मी देणार नाही. हात हलला की इथली कातडी ताणली जाते, त्यामुळे व्रण रुंदावतो. सर्जनने केलं तरी रुंदावेल. चेहऱ्यावर असती तर मीच तुम्हाला प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं असतं.’

कुणीतरी काय होणार नाही हे आधी सांगतंय, याने मला केवढा धीर आला. मी तिथेच करायचं ठरवलं.

त्यांच्याकडे दुपारची ओपीडी नसते, त्या वेळात ऑपरेशनं होतात. मागच्या खोलीत एक टेबल, वर दिवा, भिंतीला कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल पिशव्या, सुयांसाठी पांढरा जाड डबा. सिस्टरनी निर्जंतुक केलेल्या हत्यारांचा ड्रम उघडण्याआधी त्यावरची चिकटपट्टी मला दाखवली. तिच्यावरच्या तिरक्या रेघा काळ्या पडलेल्या होत्या. ड्रम वाफेत पुरेसा तापल्याशिवाय त्या रेघा काळ्या पडत नाहीत. आत 121 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं दाबाखाली वाफ द्यावी लागते, घरच्या कुकरमध्ये उकळून भागत नाही. मी विचारलं नव्हतं, त्या सगळ्यांनाच दाखवतात.

पालथं झोपवलं. बेटाडिन पाठीला गार लागलं. भुलेचं इंजेक्शन चांगलंच झोंबलं, ते कुणी नाकारू नये. वजन का विचारलं होतं ते तेव्हा कळलं. लिग्नोकेनची भूल नुसती द्यायची तर किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. 2 टक्क्यांच्या एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम असतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जास्तीत जास्त 9 मिलिलिटर. डॉक्टर हा हिशेब सिस्टरना ऐकू जाईल असा मोठ्याने करत होते आणि त्या सिरिंजवर बघून ‘हो’ म्हणत होत्या. मग ते चक्क थांबले. भूल चढायला वेळ द्यायचा असतो, आणि घाईतल्या दवाखान्यात नेमका तोच वेळ खाल्ला जातो. सुईच्या टोकाने दोन-चार ठिकाणी टोचून त्यांनी विचारलं, ‘टोचतंय की नुसतं दाबल्यासारखं?’ दाबल्यासारखं वाटतच राहतं, ओढ जाणवते, फक्त दुखत नाही. हा फरक आधी सांगितलेला असल्यामुळे मी प्रत्येक ओढीला दचकले नाही.

चिरा सरळ नव्हता. तो काळा ठिपका मध्ये ठेवून, दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्याच्या आकाराचा होता. लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवतात, म्हणजे टाके घातल्यावर टोकांना कातडीची घडी उभी राहत नाही. दिशा कातडीच्या नैसर्गिक ताणाप्रमाणे. ते काम करता करता हे सगळं मला सांगत होते, बहुधा माझं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून.

सर्वात जास्त वेळ एका कोपऱ्यात गेला. पुण्यात चिरा दिला होता तिथे भिंत जुन्या व्रणाला घट्ट धरून बसली होती. ओढली असती तर फाटली असती आणि आतलं सगळं जखमेत सांडलं असतं. कात्रीच्या बोथट टोकाने ते एकेक धागा सोडवत गेले. मला त्या खोलीत एवढंच ऐकू येत होतं, कात्रीची बारीक टिकटिक आणि मध्येच ‘सिस्टर, पुसा.’ मग त्यांनी ट्रे माझ्या तोंडासमोर धरला. पांढुरकी, गुळगुळीत, कुठेही न फुटलेली पिशवी, वर कातडीचा लहानसा तुकडा आणि त्यात तो ठिपका.

मी बघितली आणि म्हटलं, आता टाका. ते म्हणाले, ‘टाकायची नाही. ही लॅबला जाणार.’

बाटली आधीच तयार होती. तुकडा कुजू न देणारं फॉर्मॅलिन भरलेली, तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन मावेल एवढी मोठी, आणि लेबल झाकणावर नाही, बाटलीच्या अंगावर चिकटवलेलं. झाकणं अदलाबदल होऊ शकतात. नाव, वय, ‘पाठ, उजवी बाजू’, तारीख. गाठ आत पडण्याआधी लेबल लिहून झालेलं असलंच पाहिजे हा त्यांच्याकडचा नियम आहे. सोबतच्या कागदावर त्यांनी स्वतःचा अंदाज लिहिला आणि या जागी पूर्वी एकदा चिरा दिलेला आहे हेही लिहिलं. तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला ही माहिती नसेल तर जुन्या सुजेमुळे बदललेल्या पेशी बघून ते उगाच कोड्यात पडतात.

टाके दोन थरांत घातले. आत विरघळणारे, वर काळे नायलॉनचे. सगळं तासाभराच्या आत आटोपलं आणि मी चालत बाहेर आले.

बाहेर पैसे देताना माझ्या पुढच्या माणसाचा सिस्टरशी वाद चालला होता. त्यांच्या दंडावरची गाठ काढायची होती आणि तपासणीचे वेगळे सातशे रुपये कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘चरबीचीच आहे म्हणाला ना तुम्ही? मग चरबी तपासून काय मिळणार?’ त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला सातशे रुपये म्हणजे एका दिवसाहून जास्त मजुरी. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी ऑपरेशनच्या बिलातून तेवढे कमी केले, पण तपासणी वगळली नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. खर्च कमी करायचाच झाला तर तो कुठून कमी करायचा आणि कुठून नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

पाठीचे टाके दहा ते चौदा दिवस ठेवतात, चेहऱ्याचे पाचव्या-सातव्या दिवशी काढतात. टाके काढायला गेले तेव्हा रिपोर्ट आला होता. एपिडर्मल सिस्ट, म्हणजे तीच कातडीची पिशवी, पूर्ण निघालेली, एका भागात जुनी भिंत फुटल्याच्या खुणा, कर्करोगाचा काही पुरावा नाही. म्हणजे अंदाज बरोबर. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली आणि माझी ओळ पूर्ण केली.

ती वही मी मागून बघितली. नावं हाताने झाकून त्यांनी रकाने दाखवले. तारीख, जागा, ‘माझा अंदाज’, ‘लॅबचा रिपोर्ट’, ‘कडा’, ‘जखम’. जिथे अंदाज आणि रिपोर्ट जुळले नाहीत तिथे लाल शाईचं वर्तुळ. वर्तुळं थोडी होती, पण होती. काळा मस म्हणून काढलेलं एक निघालं होतं कर्करोगाचं, एक साधी जखम निघाली होती क्षयाची. ‘हे दोन पेशंट वेळेत पुढे गेले ते त्या बाटलीमुळे,’ ते म्हणाले. ‘माझ्या डोळ्यांवर विसंबलो असतो तर दोघांनाही मलम देत बसलो असतो.’ वर्षातून एकदा ते ही वर्तुळं घेऊन त्याच पॅथॉलॉजिस्टकडे बसतात.

घरी आल्यावर मी या विषयावर वाचायला घेतलं. ब्रिटनमध्ये 1990 च्या करारापासून फॅमिली डॉक्टरांना अशा लहान शस्त्रक्रियांचे वेगळे पैसे मिळू लागले आणि त्यांचं प्रमाण वाढलं. मग प्रश्न आला, काम चांगलं होतं का? दक्षिण इंग्लंडमध्ये एक मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल 2008 मध्ये आला. पेशंटांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली, काहींची शस्त्रक्रिया फॅमिली डॉक्टरांकडे, काहींची हॉस्पिटलात. हॉस्पिटलातलं काम थोडं सरस ठरलं, पण फरक लहान होता. पेशंट जास्त खूश होते ते फॅमिली डॉक्टरांवर. फॅमिली डॉक्टर खरे कमी पडले ते घातक गाठ ओळखण्यात. म्हणजे हात ठीक होता, नजर चुकत होती. तिथे 2006 पासूनच कातडीचा काढलेला प्रत्येक तुकडा तपासायला पाठवावा अशी राष्ट्रीय शिफारस आहे. कराडच्या त्या वहीतले रकाने मला या सगळ्याच्या शेजारी ठेवावेसे वाटतात.

मी एकदा डॉक्टरांना विचारलं, तुम्ही काय कापत नाही? त्यांचं उत्तर लांबत गेलं. मानेच्या बाजूची गाठ कधीच नाही. आपल्याकडे ती क्षयाची असू शकते, गंडमाळ. तिथे आधी सुईने पाणी घेऊन तपासायचं. शिवाय त्या जागी कातडीच्या अगदी खालून खांदा उचलणारी नस जाते, ती तुटली तर माणसाला हात डोक्यावर नेता येत नाही. लहान मुलाच्या नाकाच्या मुळाशी किंवा डोक्याच्या मधल्या रेषेवर असलेली गाठही नाही, तिचं मूळ आत मेंदूपर्यंत गेलेलं असू शकतं. तळपायावरचा वाढत जाणारा काळा डाग नाही. गोऱ्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे काळ्या डागासारखा दिसणारा कातडीचा घातक कर्करोग, पाठीवर, पायांवर जास्त दिसतो, आपल्या कातडीत तो तळपाय, तळहात आणि नखाखाली शोधावा लागतो. आणि कमरेची न भरणारी जखम.

ही शेवटची गोष्ट आम्हा बायकांनी नीट ऐकण्यासारखी आहे. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून कातडी काळी, जाड होते, कधी चिरते, आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत 1945 मध्येच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या अशा कर्करोगाबद्दल लिहिलं होतं. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या दोन वयस्क बायकांबद्दल लिहिलं. उपाय किती साधा, नाडीऐवजी रुंद पट्टा, आणि नाडीची जागा रोज थोडी वरखाली करणं. पण जखम झालीच आणि महिनोन्‌महिने भरत नसेल तर मलम बदलत बसायचं नाही, तुकडा तपासायचा.

त्यानंतर माझ्या सासऱ्यांची पाळी आली. अण्णांचं सगळं आयुष्य कृष्णाकाठच्या उसात, उन्हात गेलं. त्यांच्या नाकाशेजारी काळपट, कडेला मोत्यासारखी चमक असलेला एक उंचवटा होता. दाढी करताना त्यातून रक्त यायचं, खपली धरायची, परत यायचं. एका ठिकाणी त्यांना ‘मस आहे, पाच मिनिटांत जाळून देतो’ असं सांगितलेलं होतं आणि अण्णा तयारही होते.

आमच्या डॉक्टरांनी भिंग घेऊन बराच वेळ पाहिलं. ‘अण्णा, हे मी करणार नाही आणि कुणाला जाळूही द्यायचं नाही.’ अण्णांना राग आला. एवढ्याशा मसासाठी मोठ्या दवाखान्यात कशाला? डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. जाळलं की वरचं जातं, मुळं राहतात, आणि तपासायला हातात काहीच उरत नाही. मग दोन वर्षांनी ते नाकाच्या हाडाशी येतं तेव्हा कळतं. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना स्वतः फोन लावला आणि अण्णांसमोरच बोलले.

बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा निघाला. हा कर्करोग शरीरात इतरत्र फारसा जात नाही, पण आहे त्या जागी खोल पोखरत जातो. भारतीय कातडीत तो बहुतेकदा काळपट असतो, म्हणून मस समजून सोडून दिला जातो. प्लास्टिक सर्जनने आजूबाजूच्या चांगल्या कातडीची कड घेऊन तो काढला आणि गालाची कातडी सरकवून जागा झाकली. रिपोर्टमध्ये सगळ्या कडा मोकळ्या आल्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कर्करोग पोचलेला नव्हता. तो रिपोर्टही अण्णा आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ऑपरेशन त्यांनी केलेलं नव्हतं, तरी वहीत त्यासाठी ओळ होती, ‘पुढे पाठवले’ अशा शेऱ्याची.

माझा व्रण त्यांनी सांगितला होता तसाच रुंदावला. सपाट आहे, खाजत नाही, गाठ परत आलेली नाही. पुण्याच्या मावसबहिणीला मानेमागे गाठ आहे, तिने विचारलं की कराडला येऊन करू का. मी तिला म्हटलं, एवढ्या लांब येऊ नकोस, तुझ्या डॉक्टरांनाच विचार की काढलेली गाठ कुठे पाठवता आणि रिपोर्ट मला कधी दाखवाल. उत्तर लगेच आलं तर तिथेच कर.

अण्णांना आता दर सहा महिन्यांनी दाखवायला बोलावतात. नाकापुरतं बघत नाहीत, टोपी काढायला लावून डोकं, कानांच्या कडा, मनगटं, सगळं बघतात, कारण ज्याला एकदा झालं त्याला दुसरीकडे होण्याची शक्यता जास्त. गेल्या खेपेला डाव्या कानाच्या वरच्या कडेवर एक खरखरीत खवला सापडला. अण्णा म्हणाले, उन्हाने सोललंय. डॉक्टर म्हणाले, असेलही. त्यांनी तिथला बारीक तुकडा घेतला, बाटलीत टाकला आणि वहीत नवी ओळ लिहिली. तिचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात यायचा आहे.